मुद्दाम चढवलेला गंज

२३ सप्टेंबर १८०३ रोजी असईला शिंदे-भोसल्यांच्या तोफांवर चालून गेलेल्या गोऱ्या पलटणींच्या हातातल्या बंदुका चकचकीत होत्या. नळीवर रंग नाही की लेप नाही, नुसतं घासून लख्ख केलेलं लोखंड. ही 'इंडिया पॅटर्न' बंदूक मुळात ईस्ट इंडिया कंपनीसाठी घडवलेली. फ्रान्सशी युद्ध जुंपलं, बंदुका कमी पडायला लागल्या, तेव्हा ब्रिटिश सरकारने तीच आपल्या फौजेसाठी उचलली. विटेची पूड आणि तेल घेऊन शिपाई ती घासत बसत.

घासण्याला कारण होतं. ठासणीच्या बंदुकीची दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा. बार उडाल्यावर मागे उरणारी राख हवेतली ओल शोषते आणि लोखंड बघता बघता लाल पडतं. पण पलटणीत कारणापेक्षा झळाळीचाच मान मोठा झाला. रोजच्या घासण्याने नळी झिजते, उन्हात ती लांबून चमकते आणि शिपाई कुठे उभा आहे ते शत्रूला कळतं, याकडे बराच काळ काणाडोळा झाला.

शिकाऱ्याला परेड नसते. चमक पाहून सावज उधळलं तर नुकसान त्याचंच, त्यामुळे मळकट तपकिरी नळीची कदर त्याला आधी होती. फौजेत ती ठळकपणे आली ती रायफलवाल्यांबरोबर. १८०० च्या सुमारास लंडनच्या इझिकेल बेकरची रायफल निवडली गेली आणि हिरव्या गणवेशातल्या ९५व्या पलटणीच्या हाती पडली. झाडाआडून नेम धरणाऱ्याच्या हाती आरशासारखी नळी देणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. बेकरच्या नळ्या तपकिरी होत्या. साध्या पायदळाच्या वाट्याला तो रंग येईपर्यंत मात्र नेपोलियनची युद्धं संपत आली.

गंमत अशी की हा तपकिरी रंग म्हणजे गंजच, फक्त शिस्तीत वाढवलेला. नळीच्या दोन्ही टोकांना लाकडी खुंट्या ठोकायच्या. त्याच धरायला मूठ होतात आणि द्रावण आत जात नाही. चुना चोळून तेलकटपणा घालवायचा, आणि त्यानंतर उघड्या बोटाने स्पर्श करायचा नाही, कारण बोट लागलेल्या जागी रंग नीट धरत नाही. द्रावणात नायट्रिक अॅसिड, मोरचूद, स्पिरिट, कुणाच्या कृतीत रसकापूरसुद्धा. असलं विष उघड्या भांड्यात कालवणाऱ्या कारागिरांच्या फुप्फुसांचं काय झालं असेल कोण जाणे! चिंधीने पातळ हात फिरवून नळी दमट जागी टांगायची. काही तासांनी तिच्यावर नारिंगी लव येते. तारेच्या ब्रशने सुटा गंज झाडायचा, घट्ट बसलेला राहू द्यायचा, पुन्हा हात द्यायचा. पुटावर पूट चढत रंग दाट होतो. शेवटी उकळत्या पाण्याने आम्ल धुऊन काढायचं आणि नळी कोमट असतानाच तेल किंवा मेण चोळायचं.

एरवीचा गंज पोकळ असतो. त्याचे पापुद्रे सुटतात आणि खालचं लोखंड पुन्हा उघडं पडतं. हा गंज बारीक आणि चिवट असतो, शिवाय तेल धरून ठेवतो, आणि खरी राखण त्या तेलाचीच. प्रत्येक पुटानंतर नळी पाण्यात उकळली तर तांबडा गंज काळ्या ऑक्साइडमध्ये बदलतो आणि रंग निळसर काळा येतो. लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून घडवलेल्या नळ्यांवर तर हे द्रावण दोन्ही धातूंना वेगवेगळं धरतं आणि एरवी न दिसणारी वेलबुट्टी वर येते.

अमेरिकेत आजही हौशी लोक पेनसिल्व्हेनियात जर्मन वसाहतकऱ्यांनी घडवलेल्या लांब रायफलींच्या प्रतिकृती करतात, आणि नळीला कोणता रंग द्यायचा यावर त्यांचं एकमत होत नाही. बहुतेकांचा कौल तपकिरीला, कारण संग्रहालयातल्या जुन्या रायफली तशाच दिसतात. माझ्या मते इथेच फसगत होते. त्यांतला बराचसा तपकिरीपणा दोनशे वर्षांच्या हवेने आणि हातांनी दिलेला आहे. अठराव्या शतकात उघडी लख्ख नळीही चाले, आणि जळत्या कोळशात तापवून आणलेली निळीही. ती निळाई देखणी, पण पातळ आणि लवकर झिजणारी. १७७० ची प्रतिकृती करायची तर मी या दोहोंतलंच एक घेईन. तपकिरी शोभते ती एकोणिसाव्या शतकातल्या बंदुकीला. तापवलेल्या नळीवर लावायचं तयार द्रावण बाटलीत मिळतं, एका दुपारी काम उरकतं. पण संथ गंजाची खोली त्याला येत नाही.

आणि हे सगळं बाहेरच्या बाजूचं. नळीच्या आत यातलं काहीच टिकत नाही. तिथे बार उडवल्यावर त्याच दिवशी गरम पाणी, कोरडी चिंधी आणि तेल.