लाकूड, विनियर व प्लायवूड यांची परिभाषा

लाकूड, विनियर आणि प्लायवूड यांच्या व्यवहारातील परिभाषा वनस्पतिशास्त्र, करवत गिरणी, रसायनशास्त्र आणि दुकानदारी अशा निरनिराळ्या क्षेत्रांतून आलेली आहे. त्यातील बहुतेक शब्द एकेका प्रश्नाचेच उत्तर देतात: लाकूड कोणत्या झाडाचे, ते कसे कापले, थर कशाने चिकटवले, किंवा माप कसे धरले. ‘सागवानी प्लाय’ हे नाव केवळ वरच्या पातळ थराचे झाड सांगते, तर ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द मुख्यतः चिकटद्रव्याविषयी असतो. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाचे समजले गेल्यास ग्राहकाचे नुकसान होते. प्रस्तुत लेखात प्रामुख्याने भारतीय बाजारातील संज्ञांचा विचार केला आहे.

इमारती लाकूड

तोडलेल्या झाडाच्या खोडाला ओंडका किंवा गोल लाकूड म्हणतात. करवतीखालून निघालेल्या मालाला चिरीव लाकूड म्हणतात. महाराष्ट्रातील वनविभागाच्या व वखारींच्या भाषेत लाकडाचे साग आणि आडजात असे दोन ढोबळ भाग पडतात. आडजात म्हणजे सागाखेरीजची इतर लाकडे. तो दर्जा नव्हे. ऐनासारखे मजबूत लाकूडही याच नावाखाली विकले जाते.

‘हार्डवूड’ व ‘सॉफ्टवूड’ हे शब्द लाकडाच्या कठीणपणावरून आलेले वाटतात, परंतु त्यांचा शास्त्रीय अर्थ वेगळा आहे. रुंद पानांच्या सपुष्प वृक्षांचे लाकूड ते हार्डवूड आणि पाइन, देवदार यांसारख्या सूचिपर्णी वृक्षांचे ते सॉफ्टवूड. त्यामुळे नखाने दबणारे बाल्सा हे हार्डवूड ठरते. प्लायवूडच्या दुकानात मात्र ‘हार्डवूड प्लाय’ म्हणजे आतील थर तुलनेने जड लाकडाचे, एवढाच अर्थ असतो.

सागाच्या व्यापारी नावांत प्रदेश दडलेला असतो. ‘सीपी टीक’ म्हणजे जुन्या मध्य प्रांतातील, आजच्या चंद्रपूर–गडचिरोली भागासह, मध्य भारतातील साग. ‘बर्मा टीक’ म्हणजे म्यानमारचा. दोन्ही टेक्टोना ग्रँडिस याच जातीचे होत. ‘आफ्रिकन टीक’ या नावाने मात्र बहुधा इरोकोसारखी वेगळ्याच जातीची लाकडे विकली जातात. उलट, आफ्रिकेत लागवड केलेला खरा सागही भारतात येतो. तेव्हा नावापेक्षा झाडाचे वय आणि अंतःकाष्ठाचे प्रमाण पाहणे अधिक उपयोगी. बाहेरचे फिकट रसकाष्ठ सागाचे असले, तरी त्यात गाभ्याइतका टिकाऊपणा नसतो.

मोजमाप

चिरीव लाकडाचा घनफूट सरळ आहे: ६ इंच रुंद, २ इंच जाड व १२ फूट लांब फळी म्हणजे १ घनफूट. गोल लाकडासाठी मात्र परंपरेने चौथाई घेराची पद्धत वापरतात. तिला इंग्लंडमधील एडवर्ड हॉपस याच्या नावावरून हॉपस माप म्हणतात. घेराचा चौथा भाग घेऊन त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचे. ४ फूट घेराचा, १० फूट लांब ओंडका या पद्धतीने १० घनफूट भरतो. वर्तुळाच्या सूत्राने तोच १२.७३ घनफूट होतो. हा फरक म्हणजे हिशेबातील चूक नव्हे. चिरताना वाया जाणाऱ्या लाकडाची ती ढोबळ वजावट मानली जाते. मात्र गोल मालाचा दर आणि चिरीव मालाचा दर यांची सरळ तुलना करता येत नाही, हे लक्षात घ्यावे लागते.

विनियर

विनियर म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा. तो दोन मुख्य पद्धतींनी काढतात. पहिलीत वाफवलेला किंवा भिजवलेला ओंडका यंत्रावर फिरवून लांब पात्याला भिडवतात आणि गुंडाळलेली चटई उलगडावी तसा सलग पापुद्रा निघतो. प्लायवूडचे बहुतेक थर असे असतात. दुसरीत चौकोनी केलेल्या ठोकळ्याचे काप काढतात. सजावटीचे विनियर बहुधा असे मिळते. कापाच्या दिशेनुसार ‘क्राउन कट’मध्ये डोंगरासारख्या कमानी आणि ‘क्वार्टर कट’मध्ये सरळ रेषा दिसतात. झाड तेच असूनही दोन्हींचे रूप पूर्णतः निराळे असते. ‘रिकॉन विनियर’ हे स्वस्त लाकडाचे रंगवलेले पापुद्रे चिकटवून, त्या ठोकळ्याचे पुन्हा काप काढून केलेले असते. ते लाकूडच असते, पण दिसणाऱ्या रेषा मूळ झाडाच्या नसतात.

प्लायवूड

लाकूड ओलाव्याने रेषांच्या दिशेत जवळजवळ बदलत नाही, आडवे मात्र फुगते व आकसते. म्हणून प्लायवूडमध्ये लगतच्या थरांच्या रेषा एकमेकींस काटकोनात ठेवतात. एक थर दुसऱ्याला आवरून धरतो. दोन्ही बाजूंचा ताण सारखा राहावा यासाठी थरांची संख्या सामान्यतः विषम असते. नेहमीचा तक्ता ८ × ४ फुटांचा, म्हणजे ३२ चौरस फुटांचा असतो. ‘कॅलिब्रेटेड’ म्हणजे घासून सर्वत्र सारख्या जाडीचा केलेला. या शब्दाचा मजबुतीशी थेट संबंध नाही.

सर्वाधिक गोंधळ प्रतवारीच्या अक्षरांबाबत होतो. ‘एमआर’ म्हणजे दमटपणाला तोंड देणारे. त्यात बहुधा युरिया फॉर्माल्डिहाइड राळ असते आणि बाजारात त्यालाच ‘कमर्शियल’ म्हणतात. व्यापारी इमारतीसाठी बनवलेले, असा त्याचा अर्थ नाही. कोरड्या खोलीतील कपाटाला ते योग्य, मोरीलगत अयोग्य. ‘बीडब्ल्यूआर’ म्हणजे उकळत्या पाण्याला काही प्रमाणात टिकणारे. या दोन्ही प्रती सर्वसाधारण प्लायवूडच्या आयएस ३०३ या मानकात येतात. ‘बीडब्ल्यूपी’ ही त्यापुढची पायरी असून तिच्यात फिनॉल फॉर्माल्डिहाइड राळ वापरतात आणि नमुना ७२ तास उकळूनही थर सुटू नयेत अशी अपेक्षा असते.

येथे एक भेद महत्त्वाचा आहे. ही अक्षरे सांधा किती टिकेल हे सांगतात. लाकूड कुजेल की नाही, वाळवी लागेल की नाही, हे सांगत नाहीत. ‘मरीन’ प्लायवूडचे मानक, आयएस ७१०, चिकटद्रव्याखेरीज लाकडाच्या जाती आणि परिरक्षक रसायनांची प्रक्रिया यांविषयीही अटी घालते. म्हणून तक्त्यावर ‘७१०’ आणि आयएसआय चिन्ह असणे व नुसते ‘बीडब्ल्यूपी’ किंवा ‘वॉटरप्रूफ’ छापलेले असणे या सारख्या गोष्टी नाहीत. ‘वॉटरप्रूफ’ ही वरील मानकांतील प्रत नव्हे.

आतील लाकडाची नावे उद्योगाच्या इतिहासाबरोबर बदलली. सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशानंतर ईशान्य भारतातील लाकूड गिरण्यांवर कडक निर्बंध आले आणि उद्योगाचा भर शेतात वाढवलेल्या पॉप्लर व निलगिरीकडे वळला. हरियाणातील यमुनानगर हे त्याचे मोठे केंद्र आहे. ‘अल्टरनेट’ प्लाय म्हणजे या दोन लाकडांचे थर आलटून पालटून घातलेले. वरच्या थरासाठी तांबूस गर्जन लाकूड प्रतिष्ठेचे मानले जाते. २०१४ मध्ये म्यानमारने ओंडक्यांची निर्यात थांबवल्यावर ओकुमेसारख्या आफ्रिकी लाकडाचा वापर वाढला. पृष्ठभाग रंगवता येत असल्याने केवळ लाल रंग हा गर्जनचा पुरावा ठरत नाही. आतील पोकळ्या व एकावर एक चढलेले थर कापलेल्या कडेवरच दिसतात.

ब्लॉकबोर्डमध्ये मधोमध लाकडी पट्ट्या असतात. लांब फडताळाला तो कमी वाकतो. एमडीएफ हा लाकडाच्या तंतूंचा, तर पार्टिकल बोर्ड भुशाचा व कपच्यांचा दाबून केलेला तक्ता. दोन्ही प्लायवूड नव्हेत. ‘सनमायका’ हे व्यापारी नाव मराठीत सर्वच लॅमिनेटांसाठी रूढ झाले आहे. लॅमिनेट हे राळेत भिजवलेल्या कागदांचे असते, लाकडाचे नव्हे.

‘ई-०’, ‘ई-१’, ‘ई-२’ ही चिन्हे तक्त्यातून हवेत मिसळणाऱ्या फॉर्माल्डिहाइडविषयी आहेत. आकडा लहान तेवढे उत्सर्जन कमी. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये फॉर्माल्डिहाइडला मानवात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवल्यानंतर या चिन्हांचे महत्त्व वाढले. पाण्यात टिकण्याच्या प्रतीशी त्यांची गल्लत करू नये.

उत्तर अमेरिकेतील संज्ञा

अमेरिका व कॅनडात चिरीव लाकडाला ‘लंबर’ म्हणतात. भारतात ब्रिटिश वळणाचा ‘टिंबर’ हा शब्द रूढ आहे. तेथील ‘टू बाय फोर’ रंधून व वाळवून प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंचांचे उरते. ‘बोर्ड फूट’ म्हणजे घनफुटाचा बारावा भाग. प्लायवूडवरील ‘ए’ ते ‘डी’ ही अक्षरे पृष्ठभागाची प्रत दाखवतात. ‘सीडीएक्स’मधील ‘एक्स’ हे ‘एक्स्टीरियर’चे लघुरूप समजले जाते, परंतु ते बांधकामाच्या काळात पावसात भिजणे सोसणाऱ्या चिकटद्रव्याचे चिन्ह आहे. कायम उघड्यावर ठेवण्यासाठी तो तक्ता नसतो.