इकामा आणि घरपट्टी

ठाण्याची राबोडी घ्या, मुंब्रा-कौसा घ्या, नाहीतर कल्याणचा दूधनाका घ्या. आमच्या मोहल्ल्यांत 'बाहेर गेलाय' म्हटले की अर्थ समजावून सांगावा लागत नाही. बाहेर म्हणजे आखातात. कागदावर तो परदेश असला तरी आमच्यासाठी शेजारच आहे; मुंबईहून कोलकात्यापेक्षा मस्कत जवळ पडते. या शेजाऱ्याकडे आमच्या दोन-तीन पिढ्या कामाला गेल्या. त्यांच्या कमाईबद्दल दोनच गोष्टी बोलल्या गेल्या. बाहेरच्यांनी 'पेट्रोडॉलर'चा टोमणा मारला आणि घरच्यांनी लग्नातले सोने व नवा फ्लॅट मोजला. पगार किती, त्यावर कर कुठे आणि माणूस रहिवासी कुठला, हे तीन साधे प्रश्न आम्ही क्वचितच विचारले. ते विचारले, तर या करमुक्त कमाईची किंमत कळते.

आधी ते इकडे आले

हा समुद्र आधी तिकडून ओलांडला गेला. हिजरी ३०४, म्हणजे इसवी सन ९१६ च्या सुमारास अल्-मसूदी चेऊलला आला होता. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून आलेले आणि त्यांच्या पोटी इथेच जन्मलेले मिळून सुमारे दहा हजार मुसलमान तिथे राहतात, अशी नोंद त्याने केली. त्यांच्यातलाच एकजण त्यांचा प्रमुख म्हणून राजा नेमत असे.

त्याहून बोलका पुरावा चिंचणीचा. हे गाव पूर्वी ठाणे जिल्ह्यात होते, २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. तिथे सापडलेल्या इ.स. ९२६ च्या ताम्रपटानुसार राष्ट्रकूटांनी संजाण मंडळाचा कारभार एका 'ताजिका'कडे, म्हणजे अरबाकडे सोपवला होता. त्याच्या मुहम्मद या नावाचे ताम्रपटात 'मधुमती' झाले आहे. त्याने लोकांसाठी मोफत तरी आणि अन्नछत्र सुरू केले, आणि त्याच्या संमतीने देवीच्या मठिकेला जमीन दान दिली गेली. परका माणूस इथला रहिवासी झाला, अधिकारी झाला, नावानेसुद्धा इथला झाला. हजार वर्षांनी उलट दिशेने गेलेल्या आमच्या माणसांना काय मिळाले, ते या पार्श्वभूमीवर पाहायला हवे.

पगार: वाढला की वाढल्यासारखा दिसला?

एक काळ असा होता की आखातात आपलाच रुपया चालत असे. १९५९ साली रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या. १९६१ मध्ये कुवेतने आणि १९६५ मध्ये बहारीनने स्वतःचा दिनार आणला. जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाल्यावर कतार-दुबईनेही रुपया सोडला. ओमानात तो १९७० पर्यंत टिकला. पुढे १९७३ नंतर तेलाचे भाव भडकले, तिकडे रस्ते, बंदरे, इस्पितळे उभी राहू लागली आणि ड्रायव्हर, फिटर, वेल्डर, कारकून यांना मागणी आली. ज्या घरांतले पुरुष पूर्वी आगबोटीवर खलाशी म्हणून जात, त्या घरांतली पोरे आता विमानात बसू लागली.

सौदी रियालचा भाव १९८६ पासून डॉलरला ३.७५ असा बांधलेला आहे. त्या वर्षी एका रियालचे साधारण सव्वातीन-साडेतीन रुपये येत. २००० साली बारा आले, २०२४ साली बावीसच्या वर. आता समजा, एखाद्याचा पगार १,५०० रियालच राहिला. घरी पोहोचणारी रक्कम १९८६ मध्ये पाच हजार, २००० मध्ये अठरा हजार आणि २०२४ मध्ये तेहेतीस हजार दिसेल. रियालमध्ये पगार जागच्या जागी. पडला तो आपला रुपया. गावी मात्र 'बाहेर पगार वाढला' असेच म्हटले गेले. कल्याण-मुंब्र्याचे घर आणि मुलांची फी त्याच रुपयात महाग होत होती, हा हिशेब कुणी धरला नाही.

पगाराच्या तळाला सरकारने आधार दिला, तोही डळमळीत. भारतीय कामगारासाठी देशवार किमान वेतन ठरलेले असे. सप्टेंबर २०२० मध्ये, करोनाच्या काळात, ते खाली आणले गेले. अमिरात, कतार, बहारीन, ओमानसाठी महिना २०० डॉलर आणि सौदीसाठी ३२४. नोकरी टिकावी हा हेतू सांगितला गेला. ओरड झाली आणि २०२१ मध्ये निर्णय मागे घ्यावा लागला.

कर: १८२ दिवसांचे गणित

आखातात पगारावर आयकर नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. भारतातही तो लागत नाही, पण तो दिवस मोजून. नोकरीसाठी देश सोडणारा नागरिक त्या आर्थिक वर्षात १८२ दिवसांपेक्षा कमी काळ इथे राहिला, तरच तो आयकराच्या दृष्टीने 'अनिवासी'. हे सूत्र २०२५ च्या नव्या आयकर कायद्यातही कायम आहे. त्यामुळे नोव्हेंबरात विमानात बसणारा त्या वर्षापुरता निवासीच राहतो, आणि मार्चपर्यंतचा त्याचा आखाती पगार इथे करपात्र ठरतो. परकीय चलनाचा कायदा (आधी १९७३ चा फेरा, जून २००० पासून फेमा) वेगळा. त्याच्या लेखी नोकरीसाठी निघालेला माणूस निघाल्या दिवसापासून अनिवासी. एकच माणूस, एकच वर्ष. एका कायद्याला निवासी, दुसऱ्याला अनिवासी!

अनिवासींसाठीच्या एनआरई खात्यावरचे व्याज करमुक्त असते, पण कायमचे परतल्यावर ते खाते बदलून घ्यावे लागते. बँकेचा ड्राफ्ट पोहोचायला आठवडे लागत, तेव्हा हुंडीवाला दोन दिवसांत पैसे घरी आणून देई. सोय होती खरी. पण त्या पैशाचा कागद उरला नाही, आणि कागद नसलेला पैसा पुढे घर घेताना संशयाचा विषय झाला.

२०२० च्या अर्थसंकल्पात कुठेच कर न भरणाऱ्या भारतीय नागरिकांना निवासी मानण्याची तरतूद आली, तेव्हा मोठी घबराट पसरली. आखातात प्रामाणिकपणे नोकरी करणाऱ्यांच्या तिथल्या पगारावर कर लागणार नाही, असा खुलासा सरकारने लगेच केला.

पण कर दुसऱ्या दाराने आलाच. सौदीने जुलै २०१७ पासून अवलंबून असलेल्या प्रत्येक माणसामागे महिना १०० रियाल आकारले आणि दरवर्षी शंभर वाढवत २०२० मध्ये ४०० केले. बायको आणि तीन मुले, म्हणजे महिना १,६०० रियाल. साध्या पगारात हे बसणार कसे? कुटुंबे परत पाठवावी लागली. वर २०१८ मध्ये ५ टक्के व्हॅट आला, सौदीत २०२० मध्ये तो १५ टक्के झाला. ओमानने तर २०२८ पासून वर्षाला ४२,००० ओमानी रियालच्या वरच्या उत्पन्नावर ५ टक्के आयकर जाहीर केला आहे. आपल्या बहुतेकांना तो शिवणार नाही. पण आखातात वैयक्तिक आयकर नसतो, ही गोष्ट तेव्हापासून इतिहासजमा होईल.

रहिवास: इथेही नाही, तिथेही नाही

इकामा या शब्दाचा अर्थच राहणे, मुक्काम. पण तो मुक्काम कफीलच्या हाती. नोकरी गेली की इकामा गेला, इकामा गेला की देश सोडायचा. बहारीनने २००९ मध्ये, कतारने २०२० मध्ये आणि सौदीने २०२१ मध्ये कफालतीचे नियम सैल केले, तरी तीस वर्षे राबलेल्या माणसाला तिथले नागरिकत्व मिळत नाही. पेन्शन नाही, नोकरीअखेर ग्रॅच्युइटी मिळते. सौदीत पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला अर्धा पगार, पुढे पूर्ण.

आणि इथे? कल्याण-डोंबिवलीची किंवा ठाण्याची घरपट्टी तो नेमाने भरत होता, पण मतदारयादीत त्याला जागा नव्हती. २०१० च्या कायदादुरुस्तीने अनिवासी नागरिकाला नाव नोंदवता आले. मत द्यायला मात्र स्वतः यावे लागते. त्याच्या माघारी घरपट्टीच्या रांगेत, बँकेत, शाळेच्या कचेरीत उभ्या राहिल्या त्या आमच्या आया-बहिणी. 'बुरख्याआडची अबला' म्हणून ज्यांच्यावर लेख लिहिले गेले, त्यांनी चार-चार दशके घराचा जमाखर्च सांभाळला. या इतिहासाच्या पहिल्या हिशेबनीस त्याच.

कागद जपा

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत गिळंकृत केले. सुमारे पावणेदोन लाख भारतीय अम्मानमार्गे मुंबईला आणले गेले. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने नुकसानभरपाई दिली. नुसत्या देश सोडल्याच्या पुराव्यावर ठरावीक रक्कम मिळाली. बुडालेला पगार आणि गेलेले सामान मागायचे, तर पुरावे लागत. नोकरीचा करार, पगाराची चिठ्ठी, बँकेचा कागद ज्याने कमरेला बांधून आणला, त्याचा दावा उभा राहिला.

केरळात तिरुवनंतपुरमच्या विकास अध्ययन केंद्राने १९९८ पासून तिथल्या स्थलांतराची पाहणी चालवली. केरळचे लोक आज आकड्यांनी बोलतात. आमचे आकडे माळ्यावरच्या ट्रंकेत आहेत: जुने पासपोर्ट, इकाम्याच्या पुस्तिका, पासबुके, 'खत मिळाले, ड्राफ्ट मिळाला' एवढेच लिहिलेली आंतरदेशीय पत्रे. इमारत पाडताना, घर बदलताना हे सारे रद्दीत जाते. मोहल्ल्यातल्या शाळेने किंवा वाचनालयाने एक कपाट यासाठी राखून ठेवले, नक्कल काढून मूळ कागद घरच्यांना परत केले, तरी पुष्कळ होईल. संजाणचा मुहम्मद आज आपल्याला माहीत आहे, कारण एका जमिनीच्या दानाचा हिशेब कुणीतरी तांब्यावर कोरून ठेवला. आमच्याकडे कागद आहे. तो तांब्याइतका टिकत नाही, म्हणून घाई करायला हवी.