डग्लस सर्क आणि अश्रूंचा चित्रपट

जो चित्रपट प्रेक्षकांस रडवितो तो हलक्या दर्जाचाच असावयाचा, असा एक समज आपल्या सुशिक्षित वर्गांत रूढ आहे. आम्हीही तो पुष्कळ वर्षें बाळगीत होतों. डग्लस सर्कच्या चित्रपटांनीं तो आम्हांस सोडावयास लाविला.

सर्कचा जन्म १८९७ सालीं हँबुर्ग येथें झाला. जर्मन रंगभूमीवर नांव मिळविल्यावर तो चित्रपटाकडे वळला. त्याची पत्नी ज्यू होती. त्यामुळें हिटलरच्या अमलांत राहणें अशक्य होऊन १९३७ मध्यें त्यानें देश सोडला व पुढें हॉलिवूड गांठलें. तेथें त्याच्या वांट्यास आलीं तीं कथानकें बहुधा 'बायकांचें रडगाणें' म्हणून हिणविलीं जाणारीं. त्यांतूनच त्यानें आपली शैली घडविली.

ती पाहावयाची तर 'ऑल दॅट हेवन अलाउज' हा १९५५ चा चित्रपट पाहावा. एक सुखवस्तु विधवा आपल्याहून तरुण अशा माळ्यावर प्रेम करूं लागते. गांवांत कुजबूज होते, मोठीं झालेलीं मुलें संतापतात, आणि त्यांच्यासाठीं ती मन मारते. पुढें नाताळांत तींच मुलें आपापल्या वाटेनें जाण्याचे बेत सांगतात व आईस सोबत म्हणून दूरचित्रवाणीचा संच देतात. विक्रेता त्याचे गुण गात असतां बंद काचेंत दिसतो तो तिचा एकाकी चेहरा! विधवेच्या पुनर्विवाहाचा वाद ज्यांच्या पणज्यांनीं घरांत अनुभविला, त्या मराठी वाचकांस त्या चेहऱ्याचा अर्थ निराळा सांगावयास नको.

सर्कच्या शैलीचें मर्म हेंच. पात्रांच्या तोंडून जें निघत नाहीं तें त्याच्या चित्रपटांत आरसे, खिडक्यांच्या चौकटी व छायालेखक रसेल मेटीनें टिपलेले गडद रंग बोलतात. प्रेक्षकानें हेवा करावा असें तें झगमगीत घर पाहतां पाहतां पिंजरा होतें.

१९५९ च्या 'इमिटेशन ऑफ लाइफ'नंतर सर्क हॉलिवूड सोडून युरोपांत परतला. समकालीन टीकाकारांनीं त्याची फारशी कदर केली नव्हती. ती केली पुढच्या पिढीनें. जर्मन दिग्दर्शक फासबिंडर यानें १९७४ च्या 'आली: फिअर ईट्स द सोल'मध्यें तीच कथा म्यूनिकच्या श्रमिक वस्तींत नेली. तेथें सफाईचें काम करणारी वृद्ध विधवा एका मोरोक्कन मजुराशीं लग्न करते, आणि तें ऐकून तिचा मुलगा दूरचित्रवाणीचा संच लाथेनें फोडतो. २००२ मध्यें टॉड हेन्स यानें 'फार फ्रॉम हेवन'मध्यें सर्कचेच रंग घेऊन, सर्कला त्या काळीं उघड मांडतां आलें नसतें तें पतीच्या समलिंगी ओढीचें दुःख मांडलें.

या दोघांनीं सर्कपासून घेतली ती अश्रूंची रीत नव्हे, अश्रूंचीं कारणें दाखविण्याची रीत. रडगाणें म्हणून आम्हीं ज्याकडे पाठ फिरविली, तेथें घरांतील अन्यायाची साक्ष नोंदली जात होती. ती ऐकावयास आम्हांस उशीर झाला, इतकेंच.