खारे पाणी आणि सागरी यंत्राची निगा : पृष्ठसंघनकाच्या इतिहासातील एक प्रश्न

मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट २० मार्च १८३० रोजी मुंबईहून निघाली आणि २२ एप्रिलला सुवेझला पोहोचली. हिंदुस्थान व युरोप यांमधील टपालाच्या इतिहासात या सफरीचा उल्लेख नेहमी येतो आणि तिच्या अडचणींची चर्चा करताना कोळशाच्या साठ्याचा प्रश्न प्रामुख्याने मांडला जातो. तो प्रश्न बिकट होता यात शंका नाही. परंतु त्या काळच्या प्रत्येक आगबोटीला आणखी एक अडचण सतावीत असे. ती म्हणजे पाण्याची. सभोवार अथांग सागर असूनही यंत्राला योग्य असे पाणी बोटीवर नसे. या अडचणीचा उलगडा कसा झाला हे पाहू लागले म्हणजे तंत्राच्या इतिहासलेखनासंबंधीचा एक महत्त्वाचा मुद्दा हाती येतो.

जेम्स वॉट याने १७६९ मध्ये ज्याचे एकस्व घेतले तो स्वतंत्र संघनक प्रथम जमिनीवरील यंत्रांसाठी होता. सिलिंडरमध्ये काम करून बाहेर पडणारी निष्कास वाफ त्यात थंड पाण्याच्या फवाऱ्याने निववीत आणि वाफेचे व फवाऱ्याचे मिश्र पाणी पुन्हा बॉयलरकडे नेत. बोटीवर हा फवारा समुद्राच्या पाण्याचा असे. साहजिकच बॉयलरला मिळणारे पाणी जवळजवळ समुद्राइतकेच खारट, म्हणजे वजनाने सुमारे ३२ भागांत १ भाग क्षार असलेले, असावयाचे. ते उकळत राहिले की क्षारांचे प्रमाण वाढत जाई. म्हणून ठराविक वेळाने तीव्र खारे पाणी बाहेर सोडून त्याच्या जागी नवे भरावे लागे. सोडलेल्या पाण्याबरोबर उष्णताही जाई. म्हणजेच कोळशाचा प्रश्नही अंशतः पाण्याचाच प्रश्न होता.

एवढे करूनही बॉयलरच्या आत कॅल्शियम सल्फेटचे कठीण कवच चढेच. बंदरात बॉयलर निवल्यावर माणसे आत शिरून हातोडी-छिन्नीने ते खरवडून काढीत. कवच राहून गेले तर त्याखालचा पत्रा तापून फुगे व प्रसंगी फाटे. शिवाय तापमान वाढेल तसतशी या क्षाराची विद्राव्यता घटत जाते. सुमारे १४० अंश सेल्सिअसला तो जवळजवळ सर्व खाली बसतो. हे तापमान दर चौरस इंचास सुमारे ४० पौंड दाबाशी येते. तात्पर्य, खारे पाणी वापरावयाचे तोवर वाफेच्या दाबाला निसर्गानेच एक मर्यादा घातलेली होती.

यावरचा तोडगा सॅम्युएल हॉल याने १८३४ मध्येच सुचविला होता. निष्कास वाफ व समुद्राचे पाणी एकत्र न मिसळता धातूच्या बारीक नळ्यांच्या भिंतीने त्यांना विलग ठेवावयाचे. वाफ निवते, पण तिचे पाणी गोडे राहते व तेच पुनःपुन्हा वापरता येते. हाच पृष्ठसंघनक. २२ एप्रिल १८३८ रोजी अटलांटिक ओलांडून न्यूयॉर्कला पोहोचलेल्या ‘सिरियस’ बोटीवर हॉलचे संघनक होते. तरीही या युक्तीचा प्रसार झाला नाही आणि आगबोटी जवळजवळ आणखी पाव शतक फवाऱ्याच्या संघनकालाच चिकटून राहिल्या.

असे का व्हावे? बोटमालकांची व यंत्रज्ञांची सनातनी वृत्ती हे नेहमीचे उत्तर आहे. परंतु ते पुरेसे नाही. सिलिंडरला वंगण म्हणून त्या काळी जनावराची चरबी वापरीत. ती वाफेबरोबर संघनकात येई व नळ्यांवर तिचा थर बसून निववण्याचे काम मंदावे. उष्णतेने चरबीपासून आम्ले निर्माण होत आणि गोड्या पाण्याबरोबर बॉयलरमध्ये जाऊन पत्रा खात. नळ्यांचे शेकडो सांधे गळत व ते भर समुद्रात दुरुस्त करणे कठीण होते. खाऱ्या पाण्याच्या बॉयलरमध्ये कवचाचा पातळ थर पत्र्याचे रक्षणही करीत असे. गोड्या पाण्याने ते संरक्षणही गेले. या परिस्थितीत ओळखीचे जुने दुखणे पत्करून अनोळखी नवे टाळणाऱ्या यंत्रज्ञाला केवळ सनातनी म्हणणे अन्यायाचे होईल. तो निगेचा हिशेब मांडीत होता.

हा हिशेब १८६० नंतर बदलला. नळ्यांचे सांधे घट्ट बसविण्याच्या चांगल्या रीती रूढ झाल्या. चरबीची जागा हळूहळू खनिज तेलाने घेतली. बॉयलरच्या आत जस्ताचे तुकडे टांगण्याची प्रथा पुढे पडली. लोखंडाऐवजी जस्त झिजते, हे त्यामागील तत्त्व. हंफ्री डेव्ही याने १८२४ मध्येच जहाजाच्या तळाच्या तांब्याच्या पत्र्यांसाठी असाच उपाय योजला होता. अल्फ्रेड होल्ट यांच्या ‘अ‍ॅगमेम्नॉन’ या आगबोटीने १८६६ मध्ये दर चौरस इंचास ६० पौंड दाबाच्या संयुक्त यंत्राने चीनची वाट धरली. एवढा दाब खाऱ्या पाण्यावर दीर्घकाळ चालविणे अशक्यप्राय होते. १८६९ मध्ये सुवेझचा कालवा खुला झाला तेव्हा त्याचा लाभ घेण्यास आगबोट सिद्ध होती, त्याला हेही एक कारण होते.

मात्र दुखणे नाहीसे झाले नाही. ते बॉयलरमधून संघनकाच्या नळ्यांत गेले. खारे पाणी पितळेतील जस्त तेवढे काढून घेई व नळी सच्छिद्र तांब्याची होऊन राही. मिश्रणात १ टक्का कथील घातल्याने काही अंशी गुण आला. ब्रिटनमधील ‘इन्स्टिट्यूट ऑफ मेटल्स’ने १९१० मध्ये या प्रश्नासाठी खास समिती नेमली. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश आरमाराच्या अनेक नौका गळक्या नळ्यांमुळे अडून राहिल्या. वेगाने वाहणाऱ्या पाण्यातील हवेचे बुडबुडे धातूवरील संरक्षक पापुद्रा फोडतात, हे पुढील संशोधनात उमगले. त्यातून अ‍ॅल्युमिनियमयुक्त पितळ व तांबे-निकेलच्या नळ्या प्रचारात आल्या.

डीझेल यंत्रावर चालणाऱ्या लहान नौकेतही हाच प्रसंग निराळ्या रूपाने पुढे येतो. अनेक नौकांत निष्कास वायूत समुद्राचे पाणी सोडून तो निववतात. उष्ण वायू व खारे पाणी जेथे भेटतात तो वाकडा नळ सर्वांत आधी गंजतो; आत क्षार व काजळी साचून तो चोंदतो. पाणी उलटे सिलिंडरमध्ये शिरले तर यंत्रच निकामी होते. म्हणून गोड्या पाण्याने धुणे, नळ उघडून पाहणे व झिजलेले जस्त बदलणे ही कामे नित्याची ठरतात.

या वृत्तान्तावरून एवढे स्पष्ट व्हावे की हॉलची कल्पना १८३४ मध्ये जितकी बरोबर होती तितकीच १८६४ मध्येही होती. बदलले ते वंगण, सांधे आणि जस्त. तंत्राच्या इतिहासात एकस्वाच्या तारखांना मान मिळतो, परंतु शोध चालू राहतो तो निगेच्या बळावर. बॉयलरमध्ये शिरून कवच खरवडणाऱ्या माणसाचे काम त्या इतिहासाच्या बाहेर ठेवले तर मधल्या तीस वर्षांचा अर्थच लागत नाही.