आवाज बसला की आधी काय बघायचं?

पोहरादेवीला 5 ऑक्टोबर 2024 रोजी 'बंजारा विरासत' संग्रहालयाचं उद्घाटन झालं. इमारतीचा आकार नंगाऱ्याचा, म्हणजे बंजाऱ्यांच्या नगाऱ्याचा. बंजारा समाजाच्या संत सेवालाल महाराजांची समाधी असलेल्या या गावी तोच शोभतो. खऱ्या नंगाऱ्याची दुरुस्ती मात्र फार सोपी: दमट हवेत कातडं ढिलं पडलं, आवाज बसला, की जाळावर शेकायचं. लक्षण एक, इलाज एक.

विजेवरच्या यंत्रांनी हा हिशेब बिघडवला. आवाज बंद पडायला दहा कारणं, आणि वरून सगळी सारखीच दिसतात.

महाराष्ट्रातल्या खेड्यांना याची ओळख रेडिओने करून दिली. 16 जुलै 1948 रोजी नागपूर केंद्र सुरू झालं. 1956 मध्ये युनेस्कोच्या मदतीने पुणे केंद्राने पाच जिल्ह्यांतल्या सुमारे 150 गावांत शेतकरी रेडिओ मंडळं चालवली. दहा आठवडे, आठवड्यातून दोन कार्यक्रम. गावकऱ्यांनी एकत्र ऐकायचं, मग चर्चा करायची. संच मुका झाला की सभाच मोडली!

तिकडे अमेरिकेत जॉन रायडर यांचे 'ट्रबल शूटर' ग्रंथ 1930 च्या दशकापासून निघत होते. त्यात असंख्य संचांची सर्किटं होती. पण सर्किट सांगतं ते संच जोडलाय कसा. हात कुठे घालायचा, हे मिस्त्रीला स्वतःच ठरवावं लागे.

त्याचा क्रम असा: आधी बॅटरी किंवा वीज. मग व्हॉल्व्हची तार लाल होते का? मग स्क्रूड्रायव्हरची मूठ सोडून दांडा बोटाने धरायचा आणि टोक व्हॉल्यूम कंट्रोलच्या मधल्या टोकाला टेकवायचं. हे काम सरावलेल्या हाताचंच, कारण शेजारीच दोनेकशे व्होल्ट असत. स्पीकरमधून 'घुर्र' आलं, तर तिथून स्पीकरपर्यंत सगळं शाबूत. दोष अलीकडे, एरियलच्या बाजूला. एका स्पर्शात अर्धा संच निर्दोष सुटला. उरलेल्या अर्ध्यावर पुन्हा तीच युक्ती. चांगल्या दुरुस्ती-पुस्तिकेत हा क्रम सर्किटाच्या आधी यायला हवा.

पोहरादेवीला रामनवमीची यात्रा भरते. अशा गर्दीत माइकवाल्याला पुस्तिका उघडायला सवड नसते. भोंगा गप्प झाला की तो आधी ॲम्प्लिफायरचा दिवा बघतो, मग दुसरा माइक लावून बघतो. वाजला, तर भोंग्याचं युनिट आणि लाइन ठीक. मग जुन्या माइकची वायर पिनेजवळ, जिथे ती रोज दुमडते, चिमटीत धरून हळूच हलवतो. खर्रकन आवाज येतो.