नेपाळी रुपया–भारतीय रुपया विनिमय दर

नेपाळ व भारत या शेजारी देशांच्या चलनांमधील हुंडणावळीचा दर. 1993 पासून 100 भारतीय रुपयांना 160 नेपाळी रुपये हा दर कायम आहे. नेपाळी व्यवहारात भारतीय रुपयाला ‘भारू’ व नेपाळी रुपयाला ‘नेरू’ म्हणतात. जुन्या कागदपत्रांत याच जोडीला ‘कंपनी रुपया’ आणि ‘मोहरु’ अशी नावे आढळतात. दर तीन दशके हलला नसल्याने तो पूर्वापार चालत आला असावा असे वाटते. प्रत्यक्षात 1993 पूर्वी त्याने बरेच चढउतार पाहिले आहेत.

नेपाळचे जुने नाणे म्हणजे चांदीची मोहर. 1932 मध्ये दोन मोहरांचा एक रुपया ठरवून नवे चलन सुरू झाले. पहिल्या कागदी नोटा 1945 मध्ये निघाल्या. त्या नाशिकच्या सरकारी छापखान्यात छापल्या होत्या व त्यांवर मूल्य मोहरुमध्ये होते. मात्र देशभर हे एकच चलन चालत नव्हते. काठमांडूचे खोरे आणि आसपासच्या डोंगराळ मुलखात नेपाळी नाणे चाले. तराईच्या बाजारपेठांत भारतीय रुपयाचा वरचष्मा होता. दोन्हींमधला भाव सराफ आणि व्यापारी ठरवीत व तो सतत बदले. तराईतून राजधानीत माल पाठवणाऱ्याला मालाच्या किमतीबरोबर चलनाच्या भावाचीही जोखीम उचलावी लागे, वर सराफाचा वटाव द्यावा लागे तो वेगळाच. स्वतःच्याच देशात स्वतःचे चलन न चालणे ही त्या काळच्या नेपाळी राज्यकर्त्यांना सलणारी गोष्ट होती आणि ते रास्तच होते.

नेपाळ राष्ट्र बँक 1956 मध्ये स्थापन झाली. नेपाळी चलन देशभर रुजवणे हे तिचे पहिले मोठे काम. त्यासाठी बँकेने ठिकठिकाणी ‘सटही’ची म्हणजे चलन बदलून देण्याची सोय केली आणि एप्रिल 1960 मध्ये 100 भारतीय रुपयांना 160 नेपाळी रुपये हा दर बांधून दिला. हाती असलेला नेपाळी रुपया ठरल्या भावाने केव्हाही बदलून मिळेल ही हमी लोकांना मिळाली, आणि दुहेरी चलनाची पद्धत ओसरू लागली. आजच्या दराचे मूळ या निर्णयात आहे.

पहिला हादरा भारताकडून आला. 6 जून 1966 रोजी भारताने रुपयाचे अवमूल्यन केले व डॉलरचा भाव 4.76 रुपयांवरून 7.50 रुपयांवर गेला. नेपाळने आपले चलन जागेवरच ठेवले. परिणामी 100 भारतीय रुपयांना जेमतेम 101 नेपाळी रुपये पडू लागले. दोन्ही रुपये जवळपास बरोबरीला आले, हे दिसायला अभिमानास्पद होते. पण भारतीय माल नेपाळात एकदम स्वस्त झाला आणि भारतात जाणारा नेपाळचा शेतमाल महाग पडू लागला. हे फार काळ झेपणारे नव्हते. डिसेंबर 1967 मध्ये नेपाळनेही अवमूल्यन केले आणि दर 135 झाला.

पुढच्या दुरुस्त्या लहान होत्या : 1971 मध्ये 139, 1978 मध्ये 145. त्या वर्षांत नेपाळी रुपया डॉलरशी बांधलेला होता. 1983 मध्ये तो अनेक चलनांच्या समूहाशी जोडला गेला, तरी त्यात भारतीय रुपयाचे वजन साहजिकच मोठे होते. 1985 च्या अवमूल्यनाने दर 170 वर पोहोचला. पुढे तो 168 व 1991 मध्ये 165 झाला. फेब्रुवारी 1993 मध्ये तो पुन्हा 160 वर आणून ठेवला, तो आजवर तिथेच आहे.

हा दर टिकवण्याचे काम कष्टाचे आहे. नेपाळच्या परकीय व्यापाराचा निम्म्याहून बराच अधिक भाग भारताशी चालतो आणि त्यात आयात निर्यातीपेक्षा कितीतरी जास्त असते, त्यामुळे भारतीय रुपयांची सतत निकड भासते. राष्ट्र बँक आपल्याकडचे डॉलर विकून ते रुपये विकत घेते. हे डॉलर मोठ्या प्रमाणात आखाती देश, मलेशिया अशा ठिकाणी राबणाऱ्या नेपाळी कामगारांच्या घामातून येतात. मुंबई-पुण्यात काम करणारा नेपाळी माणूस घरी पैसे धाडतो तेव्हा त्याला भावाची चिंता नसते, हा स्थिर दराचा खरा लाभ. सुमारे 1,750 किलोमीटरच्या खुल्या सीमेवर रोजची देवघेव करणाऱ्यांनाही तो मिळतो.

किंमतही आहे. नेपाळी रुपयाचा डॉलरमधला भाव भारतीय रुपयामागून फरफटत जातो, आणि व्याजदर ठरवताना काठमांडूला मुंबईतल्या रिझर्व्ह बँकेकडे लक्ष ठेवावे लागते. नोव्हेंबर 2016 च्या नोटाबंदीत तर अवलंबित्वाची दुसरी बाजू उघडी पडली. 500 आणि 1,000 च्या भारतीय नोटा ठरावीक मर्यादेत नेपाळात बाळगणे कायदेशीर होते, तरीही तिथल्या लोकांना त्या बदलून देण्याची सोय भारताने केली नाही. हा त्या लोकांवर अन्यायच झाला. डिसेंबर 2018 मध्ये नेपाळने 100 पेक्षा मोठ्या भारतीय नोटांवर बंदी घातली.

दर बदलावा की नाही, याची चर्चा नेपाळात अधूनमधून होते. नेपाळी निर्यातीला 160 हा दर जड जातो असे काही अर्थतज्ज्ञ म्हणतात. बदलल्यास आयात महागून महागाई भडकेल, असे इतरांचे म्हणणे. आयातीवरचे आजचे अवलंबन पाहता दुसऱ्या मताचे पारडे जड आहे. 1.6 हा आकडा भारताने लादलेला नाही. तो नेपाळने आपल्या निर्णयाने स्वीकारला आहे आणि बदलण्याचा अधिकारही नेपाळचाच आहे.