कामठी स्टेशनवरची बाई

आमच्या खापरखेड्याहून कामठी जवळच. तिथल्या स्टेशनवर जाईबाई चौधरी हमाली करायच्या. त्यांना लिहिता-वाचता येतं हे कळल्यावर एका मिशनरी बाईंनी शाळेत शिकवायला घेतलं. पण अस्पृश्य बाई शिकवते म्हणून ओरड झाली आणि नोकरी गेली. मग १९२२ साली त्यांनी नागपुरात स्वतःच मुलींची शाळा काढली, संत चोखामेळ्याच्या नावानं.

आता थोडा प्रयोग (विज्ञानवाल्याची खोड!). १९६९ मध्ये मॉस्कोव्हिसी या मानसशास्त्रज्ञानं सहा जणांच्या गटांत आपली दोन-दोन माणसं बसवली. ती निळ्या स्लाइडला हिरवी म्हणायची. प्रत्येक वेळी ठाम राहिली, तेव्हा बाकीच्यांचीही सुमारे ८ टक्के उत्तरं ‘हिरवी’ आली. मधूनमधून डळमळली, तेव्हा जेमतेम १ टक्का. ८ म्हणजे कायच, असं वाटतंय ना? पण ही एका बैठकीची गोष्ट. शाळा रोज भरते. शिवाय प्रयोगशाळेत कुणाची भाकरी जात नाही.

२० जुलै १९४२ ला नागपुरात दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली. अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे. हजारो बाया आल्या, बाबासाहेबही बोलले. एका शाळेमुळे हे घडलं असं मी म्हणणार नाही. मागे अख्खी चळवळ होती. पण ठराव बघा: बायकोला घटस्फोटाचा हक्क हवा, नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाला बंदी हवी. हिंदू विवाह कायद्यानं देशभर हे दोन्ही दिलं, ते १९५५ साली.